यादीत नाव असेल तरच आत

आमच्या धंद्यातले किस्से कुणी जमवायला जात नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. एक काढायला हात घालावा तर चार अंगावर येतात. परवा जुन्या ऑफिसातला गिरीश फोनवर भेटला आणि अर्धा तास आम्ही दोघं नुसते खिदळत होतो. नवरा म्हणाला, "यात हसण्यासारखं काय आहे, तेवढं मला सांग." आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार ना!

मी नागपूरची. कॉम्प्युटरचा कोर्स करून बेंगळुरूला गेले तेव्हा नातेवाइकांना वाटलं, पोरगी अमेरिकेच्या निम्म्या वाटेवर पोचली. प्रत्यक्षात मी पोचले होते मल्लेश्वरमला, एका फुलवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथं अण्णांची कंपनी होती. अण्णा म्हणजे सदाशिवराव. यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्यात कन्नड 'सरी' आणि 'स्वल्प', म्हणजे 'बरं' आणि 'जरा'. "वैशाली, स्वल्प थांब, चहा पिऊन बघूया, सरी?" असं ते बोलायचे. पहिला आठवडाभर मला अर्धं कळायचं नाही. नंतर मीच तसं बोलायला लागले आणि आई फोनवर विचारायची, काय गं, तब्येत बरी आहे ना?

अण्णांनी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं, नाव 'राखण'. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि दाराला कार्ड घासून आत जायचं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. कारखान्याची दारं, कॉम्प्युटर, मोडेम हे सगळे आपापली खबर राखणला सारखी कळवायचे. त्यांना आम्ही डेटा सोर्स म्हणायचो. आणि कोण नोकरीत आहे, कोण सोडून गेलं, ही पर्सोनेल खात्याची यादी रोज राखणमध्ये उतरायची. ते युजर सिंक. यादीत नाव असेल तर कार्ड घासल्यावर दार उघडणार, नसेल तर नाही. बस, एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीनं आमचा जीव कसा काढला, ते ऐका.

गिऱ्हाईक एकच होतं, पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतला एक मोठा कारखाना. सहा महिने वापरून बघू, पटलं तर आमचे एमडी सही करतील, नाही पटलं तर सामान उचला, असा करार. आणि नाही पटलं तर अण्णांचं काय होणार, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. चिकपेटेत त्यांच्या घरचं साड्यांचं दुकान होतं. ते थोरले भाऊ चालवायचे, त्यांना सगळे दोड्डण्णा म्हणत. दोड्डण्णांनी गादीवरची धाकट्या भावाची जागा मोकळी ठेवली होती. दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. अण्णा उभं राहून तो घ्यायचे.

एकदा दोड्डण्णा स्वतः ऑफिसात आले. अण्णांनी हौसेनं सगळं दाखवलं, पडद्यावर हिरव्या-लाल ओळी पळत होत्या. दोड्डण्णांनी शांतपणे बघितलं, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "सदा, माल कुठाय?"

अण्णांनी पुन्हा पडद्याकडं बोट दाखवलं. मला त्या माणसाचा असा राग आला होता! पण खरं सांगू का, माल मलाही दिसत नव्हता.

* * *

पहिलंच सिंक. कारखान्याची यादी आमच्याकडे यायची होती. त्याआधी आमच्या ऑफिसात तपासणीसाठी गिरीशनं खोटी माणसं बनवली होती. गिरीश मैसूरचा, हुशार, पण सदा भुकेला. त्यामुळं त्याच्या माणसांची नावं होती इडली, वडा, खारा बाथ म्हणजे तिकडचा उपमा, आणि केसरी बाथ म्हणजे शिरा. हुद्देही दिले होते. केसरी बाथ जनरल मॅनेजर होते.

सिंक सुरू केलं, आणि ते उलटं चाललं. कारखान्याची यादी इकडे यायच्या ऐवजी आमची यादी तिकडे गेली आणि तिथली पुसून टाकून तिच्या जागी जाऊन बसली. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही झालं म्हणून टाळ्या वाजवल्या.

पर्सोनेलला कमला मॅडम होत्या. केसात मोगरा, नाकावर चष्मा आणि नियमाला पक्क्या. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये जे दिसेल ते खरं, बाहेरचं जग खोटं, अशी त्यांची श्रद्धा. सकाळी गिरीशला ही उलटापालट दिसली, तोच त्यांचा फोन आला. अण्णांनी रिसीव्हर कानापासून लांबच धरला. आता ओरडणार, आता सामान उचला म्हणणार. पण मॅडमचा आवाज नेहमीसारखाच थंड होता. त्या म्हणाल्या, नवीन लोकांचे कागद अपुरे आहेत, असं चालणार नाही. श्री. केसरी बाथ यांची जन्मतारीख नाही, आणि श्री. वडा यांच्या वडिलांचं नाव दिलेलं नाही.

फ्लॉपीवरून जुनी यादी परत चढवून आम्ही वाचलो. पण त्या दिवसापासून गिरीश इडली खाताना तिला सर म्हणायचा.

* * *

राखणला काही गडबड दिसली की भोंगा वाजला पाहिजे, असं मेजरसाहेबांचं म्हणणं. मेजर म्हणजे कारखान्याचे सिक्युरिटी प्रमुख. फौजेतून निवृत्त, मिशा ताठ, कमरेत वाकणं माहीत नाही. आमच्याकडे भोंग्याचं बजेट नव्हतं. मग मी आणि गिरीश बेंगळुरूतल्या शिवाजीनगरला गेलो. तिथल्या भंगारवाल्याकडं काय मिळत नाही! एक दणकट भोंगा मिळाला. भंगारवाल्यानं वाजवून दाखवला नाही, बॅटरी नव्हती. तो कशाचा, हे आम्हीही विचारलं नाही. आवाज मोठा आहे का? मोठा आहे. झालं.

तो लॉरीचा निघाला. लॉरी मागं घेताना वाजणारा.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी अनोळखी कार्ड गेटवर घासलं. राखणनं बरोबर ओळखलं, पडदा लाल झाला, भोंगा वाजला. आणि गेटवरच्या पहारेकऱ्यांना वाटलं, मागून लॉरी येतेय. दोघंही धावले. एकानं मोठं गेट सताड उघडलं, दुसरा हात हलवत "बा, बा, बा, बा" म्हणून बोलवायला लागला. अनोळखी माणूस त्या स्वागताला भुलून आत येऊन उभा राहिला.

तो बिचारा कुणाचा तरी मेव्हणा होता, त्याचं जुनं, बाद झालेलं कार्ड घेऊन डबा द्यायला आला होता. पण मेजरांचा चेहरा! त्यांनी त्या संध्याकाळी रिपोर्टात एकच वाक्य लिहिलं, "इशारा मिळताच जवानांनी तत्परतेने गेट उघडले."

* * *

कार्ड एकाचं आणि आत वीस जण, ही तर रोजची गोष्ट. पहिला कार्ड घासायचा आणि मागच्यांसाठी दार धरून उभा राहायचा. दार धरणं हा संस्कार ना! एकदा एमडींनी विचारलं, आत्ता आत किती माणसं आहेत? राखण म्हणाली, चार. आणि पलीकडे अख्खी शिफ्ट ठोकाठोक करत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं.

मग मेजरांनी फर्मान काढलं, एका कार्डावर एकच माणूस. लोकांनी ते अगदी काटेकोर पाळलं. तरी आठवडाभरात राखण एका माणसाच्या नावानं ठणाणा करायला लागली. हा माणूस आत असतानाच पुन्हा बाहेरून आत येतोय, रोज, कधीकधी तर लागोपाठ बऱ्याचदा! संशयितांमध्ये पहिला नंबर. मेजर म्हणाले, सापडला. एवढे दिवस स्टोअर्समधून माल कसा जातो ते आता कळलं.

मेजर आणि मी खांबामागं उभे राहिलो. संशयित आला. कपाळाला गंध, हातात पिशवी, स्टोअर्समधले अनंतय्या. कार्ड घासलं, दार उघडलं. तेवढ्यात मागं कुणीतरी आलं. अनंतय्या बाजूला झाले, हात जोडून म्हणाले, तुम्ही आधी. तो गेला, दार बंद. यांनी पुन्हा कार्ड घासलं. पुन्हा मागं कुणीतरी. पुन्हा तुम्ही आधी.

अख्ख्या कारखान्यातला सगळ्यात सज्जन माणूस आमच्या यादीत सगळ्यात वर होता. मेजरांनी त्यांना केबिनमध्ये नेऊन समजावून सांगितलं. अनंतय्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि केबिनमधून बाहेर पडताना दार धरून म्हणाले, "मेजर, तुम्ही आधी."

* * *

अण्णा देवाला फारसे भीत नसत, पण राहूला फार. सोमवारी सकाळी साडेसातला सिंक सुरू व्हायचं आणि हमखास अडकायचं. गिरीशचं म्हणणं, तेव्हा कारखान्याची फोनलाइन गर्दीची असते. अण्णांचं म्हणणं, राहुकाळ. आता राहुकाळ रोज वेगळ्या वेळी. मंगळवारी दुपारी तीनला, शुक्रवारी साडेदहाला. गिरीशनं आधी हसून घेतलं, मग मुकाट्यानं पंचांग उघडलं आणि राहुकाळ टाळून सिंक व्हावं म्हणून त्याचं कोष्टक प्रोग्रॅममध्ये घातलं. जगात असं दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मला दाखवा! आणि गंमत म्हणजे, सिंक अडकायचं थांबलं.

पण एक दिवस मीटिंगमध्ये एमडींच्या लक्षात आलं. गृहस्थ हुशार, जर्मनीला शिकलेले, बोलायला मोजके. त्यांनी विचारलं, हे सिंक रोज वेगळ्या वेळी का होतं?

अण्णा पांढरे पडले. खरं सांगितलं असतं तर तिथंच चिकपेट. गिरीश टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला. माझ्या तोंडून कुठून आलं देव जाणे, मी म्हटलं, "वेळ ठरलेली असली की चोराला कळते, सर."

एमडींनी पेन खाली ठेवलं. हे फार खोल आहे म्हणाले, एवढा विचार जर्मनीतही बघितला नाही. आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

जिना उतरताना गिरीश हळूच म्हणाला, राहूला पण ह्यातला वाटा द्यायला पाहिजे.

* * *

बेंगळुरूतली आयुधपूजा तुम्ही बघितली नसेल तर काहीच बघितलं नाही. यंत्र म्हणून जे असेल ते धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, फुलं वाहून पुजायचं. रिक्षा, लेथ, कात्री, शिवणयंत्र. गेटवर कोहळा फोडायचा. कारखान्यातल्या लोकांनी आमच्या दारांनाही आपलं मानलं, याचा अण्णांना केवढा आनंद झाला! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. एकेका दाराच्या कार्डाच्या यंत्राला गंध, कुंकू, वर शेवंती. आणि कुणा भाविकानं कार्ड घासायच्या फटीतही पंचामृताचे चार थेंब सोडले, आतल्या देवापर्यंत पोचावं म्हणून.

पूजेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी एकही दार उघडेना. फटीत गंध आणि साखर वाळून दगड झालेले. सगळी शिफ्ट बाहेर उन्हात. आम्ही टाचण्या, दातकोरणी, काय मिळेल ते घेऊन धावलो. एमडींनी मेजरांना फोन करून परिस्थिती विचारली. मेजरांनी पडदा बघितला आणि आवाजात समाधान आणून सांगितलं, "सर, सकाळपासून एकही अनधिकृत माणूस आत गेलेला नाही."

एमडींनी विचारलं, आणि अधिकृत?

"तोही नाही, सर."

* * *

आणि मग आला शेवटचा दिवस. सहा महिने संपले. एमडी त्याच संध्याकाळी महिनाभरासाठी जर्मनीला जायचे होते. आज सही झाली तर झाली, नाही तर उद्या सामान उचलायचं. दोड्डण्णांनी तर सोमवारचा मुहूर्तही काढून ठेवला होता, अण्णांनी गादीवर बसायचा. सकाळी अण्णा नवीन शर्ट घालून आले होते. मला बघून नुसती मान हलवली. मी कराराचा कागद उगाच चौथ्यांदा वाचत होते. माझी नोकरी जाईल म्हणून नाही, दुसरी मिळाली असती. पण हा माणूस उद्यापासून गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडत बसणार, हे माझ्यानं बघवलं नसतं.

एमडी म्हणाले, माझी एकच परीक्षा. एखाद्याला कामावरून काढलं, की त्याचं कार्ड खरंच बंद होतं का, ते मला डोळ्यांनी बघायचंय. अण्णा म्हणाले, कुणाला काढू, सर? एमडी म्हणाले, दुसऱ्या कुणाला कशाला, मलाच काढा.

कमला मॅडमनी विचारलं, नक्की? एमडी म्हणाले, नक्की. मॅडमनी त्यांना काढलं. सिंक झालं. एमडी चालत गेटबाहेर गेले, वळले, कार्ड घासलं. दार उघडलं नाही. पुन्हा घासलं. नाही. पडदा लाल. एमडी गजांपलीकडून चक्क हसले! सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

एमडी म्हणाले, उत्तम, आता मला परत घ्या. कमला मॅडम म्हणाल्या, परत घेता येत नाही. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकदा नाव काढलं की काढलं. परत यायचं तर नव्यानं भरती.

एमडी म्हणाले, ते सावकाश बघू, आधी दार उघडा. मेजर गजांशी येऊन उभे राहिले. ताठ. म्हणाले, यादीत नाव असेल तरच आत, मालक असला तरी, हा तुमचाच हुकूम आहे, सर. एमडींनी कबूल केलं. मग म्हणाले, पाहुणा म्हणून तरी सोडा. मेजरांनी पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, कुणाला भेटायचंय? एमडी म्हणाले, "एमडींना."

"ते सध्या नोकरीत नाहीत, सर."

पहारेकऱ्यानं बिचाऱ्यानं आपलं स्टूल गजांखालून सरकवून दिलं. एमडी त्यावर बसले. घड्याळ बघितलं, विमानाची वेळ जवळ येत होती. म्हणाले, बरं, अण्णांचा तो कागद तरी इकडे द्या, इथंच सही करतो. अण्णांनी कागद पुढं केला. मेजरांनी तो मधल्या मध्येच धरला. म्हणाले, आत्ता या क्षणी सर कंपनीत नाहीत. ही सही चालणार नाही.

मी मेजरांना काय काय मनातल्या मनात म्हटलं, ते इथं लिहिता येणार नाही. नागपुरी आहे. आमचं सॉफ्टवेअर इतकं नीट चाललं होतं, की ते चाललं म्हणून सही करणारा माणूसच उरला नव्हता! अण्णा भिंतीला टेकले. मला म्हणाले, "जाऊ दे, वैशाली. दोड्डण्णा वाट बघत असेल."

तेवढ्यात कमला मॅडम आल्या. हातात लिहायचं पॅड आणि पॅडला लावलेला नोकरीचा अर्ज. गजांपाशी उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली. पूर्ण नाव? एमडींनी सांगितलं. वडिलांचं नाव? सांगितलं. शिक्षण? सांगितलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आत शंभर माणसं जमली होती. यापूर्वी कुठं काम केलंय? एमडींनी गेटवरच्या फलकाकडं बोट दाखवलं, मॅडमनी कारखान्याचं नाव लिहून घेतलं.

मग त्यांनी पुढचा रकाना वाचला. "आधीची नोकरी सोडण्याचं कारण?"

एमडी स्टुलावरून उठले. गजांतून आत बघितलं, मॅडमकडं नाही, मेजरांकडं नाही, भिंतीला टेकलेल्या अण्णांकडं. आणि म्हणाले,

"लिहा, अण्णांचं सॉफ्टवेअर चाललं."